वाकणारा बूट, न वाकणारा बूट

एक गंमत सांगते, ऐक!

जगात असा एक बूट आहे, की तो पायात घातला की धड चालताच येत नाही. घोटा वाकत नाही. तळवा वाकत नाही. टाच उचलायला जावं, तर अख्खा पायच वर येतो! तो घालून जिना उतरायचा म्हणजे कठड्याला घट्ट धरून एकेक पायरी, तीही तिरकं तिरकं. आणि तरीही माणसं हा बूट हौसेने घेतात. चांगले भरपूर पैसे मोजून घेतात!

कशासाठी? बर्फाच्या डोंगरावरून वाऱ्याच्या वेगाने घसरत खाली यायला!

आता समज, असा बूट घालून एक पाहुणा कर्जत तालुक्यातल्या आपल्या कळंबला आला. त्याला जायचंय कोथळीगडावर, म्हणजे आपल्या पेठच्या किल्ल्यावर. आंबिवली गावातून तो वर निघाला. काय होईल, सांग बरं?

पहिल्याच उतरत्या कातळावर पाय टेकला, की सर्रकन घसरगुंडी! पाहुणा खाली बसलेला. आणि त्याच्या शेजारून पेठ गावातल्या एखाद्या आजी डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन, साध्या चपलेत, झपाझप पुढे निघून जातील. जाता जाता म्हणतीलही, "काय रं बाबा, लागलं का?"

मग कोडं असं आहे. डोंगर इथेही, डोंगर तिथेही. उतार इथेही, उतार तिथेही. तरी इथे लवचीक पादत्राण जिंकतं आणि तिथे दगडासारखा कडक बूट. असं का?

चल, आधी आपल्याच कातळाकडे बघू.

कळंबहून पूर्वेला पाहिलंस, तर सह्याद्रीची भिंत उभी दिसते. ही भिंत बनलीय काळ्या बेसॉल्टची. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून उकळता लाव्हा बाहेर आला, थरावर थर पसरला आणि थंड होऊन त्याचा कातळ झाला. लांबून हा कातळ गुळगुळीत वाटतो. पण भिंग घेऊन बघ! बारीक बारीक खड्डे, बारीक बारीक उंचवटे. अगदी स्वयंपाकघरातल्या किसणीसारखा!

आणि किसणी आलीच आहे, तर एक काम कर. आई किंवा बाबा पोळ्या करत असतील, तेव्हा त्यांच्याकडून कणकेचा छोटा गोळा माग. तो किसणीवर हलकेच दाब आणि पुढे सरकवायला बघ. सरकतो? छे! कणीक भोकाभोकांत शिरून बसते. आता त्याच किसणीवर स्टीलची वाटी पालथी ठेव आणि ढकल. सुळ्ळकन गेली की नाही? वाटी कडक. ती फक्त उंचवट्यांच्या टोकांवर टेकते, खड्ड्यांत शिरतच नाही.

मऊ रबराचा तळवा म्हणजे कणकेचा गोळा. तुझं वजन त्याला कातळावर दाबतं, रबर बारीक खड्ड्यांत थोडं थोडं शिरतं, आणि पाय चिकटून राहतो!

खरं वाटत नाही? मग एक खोडरबर घे आणि एक प्लॅस्टिकची पट्टी घे. दोन्ही वहीच्या पुठ्ठ्यावर ठेव. पुठ्ठ्याची एक बाजू हळूहळू उचल. आधी कोण घसरतं, बघ!

पण नुसतं रबर मऊ असून भागत नाही बरं का. बूटही वाकायला हवा. कातळ काही तुझ्या वर्गातल्या फरशीसारखा सपाट नसतो. कुठे फुगलेला, कुठे खोलगट, कुठे तिरपा. बूट वाकला, की तळव्याचा मोठा भाग कातळाला टेकतो. बूट वाकलाच नाही, तर टेकते फक्त एक कड. मग काय, पाहुण्यासारखीच गत!

म्हणूनच महाराष्ट्रातल्या ट्रेकर मंडळींच्या पायांत कितीतरी वर्षं 'ॲक्शन ट्रेकिंग' नावाचे साधे, स्वस्त बूट दिसत आले. दिसायला काही खास नाहीत. पण तळव्याचं रबर कातळाला छान धरतं, हे ट्रेकर लोकांनी अनुभवाने ओळखलं, आणि एकाने दुसऱ्याला सांगितलं.

आणि सगळ्यांत लवचीक पादत्राण कोणतं? ओळख! त्याला एक पैसाही पडत नाही. तुझा स्वतःचा अनवाणी पाय!

आता हे ऐकून तू थक्क होशील. मोठ्या माणसाच्या अंगात हाडं असतात २०६. त्यांतली एकेका पावलात किती? २६! म्हणजे दोन्ही पावलांत मिळून ५२. म्हणजे अख्ख्या शरीरातल्या हाडांपैकी जवळजवळ पाव हिस्सा हाडं फक्त पावलांत! एवढंसं पाऊल आणि त्यात एवढी हाडं! कशाला बरं? वाकायला! दगडावर पाय पडला, की ही सगळी हाडं जराजरा हलतात आणि पाऊल दगडाचा आकार घेतं. शिवाय बोटांना कळतंच की खाली काय आहे: खडा, माती की ओलं पान. खालची बातमी आधी पायाला कळते आणि मग पाय शहाण्यासारखा पडतो. कर्जत-खालापूरच्या ठाकूरवाड्यांमधली आणि कातकरीवाड्यांमधली माणसं लहानपणापासून या डोंगरांत वावरतात. त्यांचे पाय ही बातमी वाचण्यात भलतेच तरबेज!

पावसाळ्यात मात्र सावध! कातळावर हिरवं शेवाळ धरलं, की त्या बारीक खड्ड्यांवर बुळबुळीत पांघरूणच पडतं. तिथे मऊ बुटाचं काही चालत नाही, कडक बुटाचं तर नाहीच नाही. मोठ्या माणसाचा हात धरावा आणि शेवाळावर पाय देऊच नये.

बरं, कातळाचं कळलं. आता बर्फाकडे जाऊ.

आपल्याकडे बर्फ पडत नाही. फार तर गारा पडतात, आणि त्या वेचेपर्यंत विरघळतात! पण काश्मीरमध्ये गुलमर्गला हिवाळ्यात बर्फाचे थरच्या थर साचतात. तिथे २०२०पासून 'खेलो इंडिया'च्या हिवाळी स्पर्धा होतात आणि त्यांत एक खेळ असतो स्नोबोर्डिंग. एकाच रुंद फळीवर दोन्ही पाय बांधायचे, आडवं उभं राहायचं आणि उतारावरून घसरत यायचं.

ही फळी आली कुठून? त्याचीही गोष्ट भारी आहे! १९६५ सालचा नाताळ होता. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन नावाचे एक बाबा राहायचे. मुली घरात बसून कंटाळल्या होत्या. बाबांनी काय केलं? बर्फावर घसरायच्या दोन पट्ट्या, म्हणजे स्की, एकमेकींना जोडून टाकल्या आणि मुलींना म्हणाले, यावर उभं राहून घसरा! झालं, सगळ्या गल्लीतल्या पोरांना तशीच फळी हवी! तिचं नाव पडलं 'स्नर्फर'. पाय बांधायची सोय नव्हती. पुढे नुसती एक दोरी, हातात धरायला. कसलेही बूट चालायचे. पडायचं, उठायचं, पुन्हा घसरायचं. आणि त्याच खेळाचा भाचा-पुतण्या शोभेल असा स्नोबोर्डिंगचा खेळ १९९८ साली जपानमधल्या नागानोला थेट ऑलिंपिकमध्ये जाऊन बसला!

आता नीट ऐक हं, कारण खरी जादू इथे आहे.

बर्फावर तुला चिकटून राहायचंच नसतं. घसरायचंच असतं! फक्त हवं तिकडे घसरायचं असतं. मग वळायचं कसं? स्नोबोर्डच्या कडेला पोलादाची बारीक धार बसवलेली असते. दोन्ही बाजूंना. फळी एका बाजूला कलवली, की ती धार बर्फात रुतते. आणि फळीची कंबर डमरूसारखी मधे बारीक असते. त्यामुळे कलवलेली फळी वजनाने वाकते, तिची कमान होते आणि ती त्या कमानीच्या वाटेने वळत जाते. फरफटत नाही, कापत जाते! अशा वळणाला 'कार्व्हिंग' म्हणतात. मागे वळून बघावं, तर बर्फावर झाडू मारल्यासारखा रुंद पट्टा नसतो. एकच बारीक रेघ असते, कंपासने काढल्यासारखी गोल!

आता सांग, फळी कलवतं कोण?

हात? नाही. हात तर मोकळेच. कलवतो तुझा पाय! तू गुडघा पुढे झुकवतेस किंवा झुकवतोस, नडगी बुटाच्या जिभेला दाबते, बूट बाइंडिंगला, म्हणजे त्याला फळीशी बांधून ठेवणाऱ्या सांगाड्याला ओढतो, बाइंडिंग फळीला कलवतं, आणि धार बर्फात शिरते. चवड्याच्या बाजूची धार हवी, तर पुढे दाबायचं. टाचेच्या बाजूची हवी, तर मागे रेलायचं. बाइंडिंगला मागे उंच पाठ असते, खुर्चीसारखी. बुटाची मागची बाजू त्या पाठीला रेटते.

म्हणजे निरोप वरून निघतो आणि हातोहात खाली धारेपर्यंत पोचतो. आणि मधे उभा असतो बूट!

आता पुन्हा स्वयंपाकघरात चल. ती मघाची कणीक अजून आहे ना? मनात एक सुरी आण. पातं धारदार, पण मूठ कणकेची! आता त्या सुरीने काकडी काप बरं. मनगट वळवलंस तर काय होईल? मूठ पिळली जाईल, पातं जिथल्या तिथे! हाताने हुकूम दिला, पण कणकेने तो मधेच खाऊन टाकला. लाकडी मूठ असेल, तर मनगट वळलं की पातं वळलं. त्याच क्षणी!

मऊ बूट म्हणजे कणकेची मूठ. तू झुकलास, झुकलीस, की आधी बूटच वाकतो. तो वाकून संपला, की मग कुठे फळी कलायला लागते. वेग कमी असेल तर एवढा उशीर चालून जातो. पण वारा कानात शिट्टी वाजवतोय आणि वळण समोर येऊन ठेपलंय, तेव्हा? तेव्हा एवढासा उशीरही फार होतो. म्हणून जोरात कार्व्हिंग करणाऱ्यांना कडक बूट हवा.

तर आता आलं लक्षात? कातळावर पायाला चिकटायचं असतं, म्हणून मऊ हवं. बर्फावर धारेला कापायचं असतं, म्हणून कडक हवं!

मग सगळ्यांनी कडकच बूट घालावेत की! त्यात काय?

थांब थांब. कडक बूट फार प्रामाणिक असतो. तो काहीच लपवत नाही! वरून खाली जसा निरोप झटकन जातो, तसाच खालून वरही येतो. बर्फात एक गचका, गुडघ्यात एक गचका. दुसरा गचका, दुसरा दणका. बूट काही म्हणजे काही गिळत नाही. आणि तुझ्या चुकाही तो लपवत नाही. पाय नुसता चुकून थरथरला, तरी त्याला वाटतं हुकूमच आला. वळवली फळी! धपकन बर्फात! म्हणून नव्याने शिकणाऱ्याला जरा मऊ बूट देतात. मऊ बूट छोट्या चुका पोटात घालतो.

उड्या मारणारे, हवेत गिरक्या घेणारे खेळाडूही मऊच बूट घेतात. त्यांना घोटा वाकवायला लागतो, फळी हाताने पकडायला लागते, आणि वरून खाली आदळताना पायांना थोडी दया दाखवणारा बूट लागतो!

बूट विकणाऱ्या कंपन्या कडकपणाला आकडे देतात. साधारण १ ते १०. १ म्हणजे अगदी मऊ, १० म्हणजे अगदी कडक. पण यात एक गोची आहे. प्रत्येक कंपनीची मोजायची पट्टी वेगळी! एकीचा ६ हा दुसरीचा ८ निघू शकतो. म्हणून नुसत्या आकड्यावर जाऊ नये, पायात घालून बघावं, हेच खरं.

आणि आता सगळ्यांत मोठं आश्चर्य. तुला वाटेल, मऊ बूट म्हणजे आराम आणि कडक बूट म्हणजे त्रास. हो ना? पण नेहमी तसं नसतं!

लांबलचक वळण घेताना फळी कलवून धरायची असते, तेव्हा कडक बूट तुझ्या नडगीला टेकू देतो. पण बूट मऊ असेल, तर तो टेकू कोण देणार? तुझी पोटरी! तुझ्या पावलाचे छोटे छोटे स्नायू! ते बिचारे दिवसभर ताणून ताणून फळी धरून ठेवतात. संध्याकाळी पोटऱ्यांत असे गोळे येतात, की बघायलाच नको. दुकानात गादीसारखा वाटलेला बूट डोंगरावर छळतो, आणि दुकानात टोचलेला बूट डोंगरावर पाय सांभाळतो. आहे की नाही उलटं?

अजून एक गुपित. बूट कितीही कडक असला, तरी तो सैल असेल तर सगळं फुकट! टाच आतल्या आत वर उचलली गेली, की निरोप बुटापर्यंत पोचतच नाही. पाय आत हलतो, बूट बाहेर ढिम्म! म्हणून चांगल्या बुटांच्या आत जाड अस्तराचा आणखी एक मऊ बूट असतो. काही अस्तरं तर गरम करून पायात घालतात आणि गार होईपर्यंत तसंच थांबतात. मग अस्तर तुझ्याच पावलाचा आकार घेतं. दुसऱ्या कुणाला ते नीट बसणारच नाही! जूनमध्ये शाळेचे बूट घेताना "एक नंबर मोठाच घ्या, पुढच्या वर्षीही होईल" असं म्हणणाऱ्या घरच्यांना हे जरूर सांग. (ऐकतील याची खात्री मी देत नाही!)

अरे हो, प्लॅस्टिकची एक खोडी सांगायची राहिली. ते थंडीत आणखी कडक होतं. म्हणून दुकानाच्या उबेत बऱ्यापैकी वाकणारा बूट बर्फात जाऊन हट्टी होतो!

आता तुझी परीक्षा. कातळावर नेहमीच मऊ बूट बरा का?

हो म्हटलं असशील, तर फसगत झाली! काही सुळक्यांवर पाय ठेवायला जागा असते बोटभर. अशा बारीक खोबणीत अख्खा तळवा मावतच नाही. तिथे फक्त अंगठ्याच्या बाजूची कड टेकवून उभं राहायचं. म्हणजे पुन्हा धारच आली! आणि धार आली की कडकपणा हवा. म्हणून प्रस्तरारोहण करणारे, म्हणजे दोर लावून सुळके चढणारे लोक, चढाई बघून बूट निवडतात. तिरप्या कातळावर चिकटायचं तर मऊ, बोटभर खोबणीवर उभं राहायचं तर जरा ताठ.

आणि तोच माणूस हिमालयात गेला की बूट पुन्हा बदलतो. २०१२ साली पुण्याच्या 'गिरिप्रेमी' संस्थेचे गिर्यारोहक उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली एव्हरेस्टवर गेले. सह्याद्रीच्या कातळात तयार झालेली ही माणसं! पण एव्हरेस्टवर सह्याद्रीतला मऊ बूट काय कामाचा? तिथे बुटाखाली पोलादी दातांचा सांगाडा बांधतात. त्याला म्हणतात क्रॅम्पॉन. ते दात घट्ट बर्फात रोवायचे आणि चढायचं. बूट मधेच वाकला, तर क्रॅम्पॉन सुटून येऊ शकतो. म्हणून तिथला तळवा कसा, तर फळीसारखा ताठ!

पूर्वी तर याहून गंमत होती. शंभर वर्षांपूर्वी युरोपातले गिर्यारोहक बुटांच्या तळव्यांना लोखंडी खिळे ठोकायचे! खिळे बर्फात छान रुतायचे, पण खिळ्यांतून थंडी सरळ पायात चढायची. आणि कातळावर तेच खिळे घसरायचे. मग कातळ आला, की बूट काढायचे आणि मऊ तळव्याचे जोडे घालायचे. १९३५ साली आल्प्स पर्वतात एक वाईट घटना घडली. हवामान अचानक बिघडलं आणि सहा इटालियन गिर्यारोहक परत आलेच नाहीत. त्यांच्या पायांतले जोडे त्या थंडी-बर्फाला पुरेसे नव्हते. विटाले ब्रामानी या गिर्यारोहकाचे ते मित्र होते. तो विचार करत राहिला: कातळावरही चालेल आणि बर्फावरही चालेल, असा तळवा करता येईल का? टायर बनवणाऱ्या पिरेली कंपनीची मदत घेऊन १९३७ साली त्याने रबराचा, खोल खाचांचा तळवा बनवला. रबर कातळाला धरणार, खाचांच्या कडा मातीत आणि बर्फात रुतणार! १९५४ साली इटलीचे गिर्यारोहक के-टू शिखरावर पहिल्यांदा पोचले, तेव्हा त्यांच्या बुटांना हेच तळवे होते.

या तळव्याचं नाव काय असेल, ओळख! विटाले ब्रामानी... 'व्हिब्रम'! घरात कुणाचे डोंगरातले बूट असतील, तर ते उलटे करून बघ. पिवळा अष्टकोन दिसला, तर तो ब्रामानीचा!

हो, आणि दोन अगदी वेगळे कडक बूट एकाच स्पर्धेत वापरणारी एक मुलगी आहे. चेक देशाची एस्टर लेडेत्स्का. २०१८च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये तिने आधी स्कीइंगची शर्यत धरली, समोर तोंड करून, दोन पायांत दोन स्की. त्या स्कीही दुसऱ्या खेळाडूकडून आलेल्या! सगळे म्हणत होते, ही तर स्नोबोर्डवाली, हिला काय जमणार? आणि ती जिंकली! किती फरकाने? सेकंदाच्या फक्त शंभराव्या भागाने! तिचा स्वतःचाच विश्वास बसेना. खाली पोचल्यावर फलकाकडे बघत नुसती उभी राहिली. एका आठवड्याने तिने बूट बदलले, फळीवर आडवी उभी राहिली आणि स्नोबोर्डच्या शर्यतीतही सोनं मिळवलं. एकाच ऑलिंपिकमध्ये दोन्ही खेळांत सुवर्णपदक, असं त्याआधी कुणीच केलं नव्हतं.

पहिलं पदक मिळाल्यावर पत्रकारांसमोर ती डोळ्यांवरचा मोठा चष्मा काढायलाच तयार नव्हती. का, माहितेय? जिंकू असं वाटलंच नव्हतं, त्यामुळे तिने तोंडाला साधी पावडरही लावली नव्हती म्हणे!